एक वीत, चार बोटं

सांबऱ्याहून कॅलगरी किती लांब
ते मला इराण्णानं सांगितलं, मोबाईलमध्ये बघून.
बारा हजार पाचशे बावीस किलोमीटर.
सरळ गेलं तर पंधरा तास,
पण सरळ कोण जातं, अक्का,
थांबत, बदलत, एकतीस.

मी म्हटलं, आकडा नको गा. मोजून दाखव.
आकड्यावर विश्वास ठेवून
मी मालकाकडून बोनस घेतलाय एकदा.

मग तो पोरीचा पृथ्वीचा गोळा घेऊन आला,
कललेला, एका जागी पोचा पडलेला.
(पोचा समुद्रात आहे, म्हणून चालतंय.)
मी कांडीवरचं सूत दातानं तोडलं,
एक टोक धरलं बेळगाववर.
बेळगाव लिहिलेलं नाही त्यावर.
गोव्याच्या जरा उजवीकडं
अंगठ्याच्या नखाखाली
वडगाव, शहापूर, अनगोळ, सगळं मावलं,
आणि ते कुठल्या राज्यात, हा वादही.

दुसरं टोक इराण्णाच्या बोटाखाली.
मला वाटलेलं, सूत मावळतीला जाईल,
अरबस्तान, मग नुसतं पाणी.
ढील काढली तसं ते सरकत सरकत वर गेलं,
थेट डोक्यावरून,
गोळ्याला स्क्रू मारलाय त्या पांढऱ्याच्या कडेनं.
चुकलं, इराण्णा म्हणाला.
मी म्हटलं, ताणलेलं सूत चुकत नाही.

वीत लावली.
एक वीत, चार बोटं.
चार बोटं म्हणजे साधा काठ.

वैजू गेली त्या दिवशी
बॅग मी शेडमधल्या सुताच्या काट्यावर तोलली होती.
तेवीस किलो चालतात, सव्वाचोवीस भरले.
मेतकूट काढलं, पुन्हा घातलं.
शेवटी साडी काढली, माझ्या मागावरची, आंबा रंगाची.
तिकडं कुठं नेसणार गं, असं मी म्हटलं.
मी म्हटलं, तिनं नाही.
हे इराण्णालाही सांगितलेलं नाही.

विमान लहान, पंख्याचं.
जाळीतून बघितलं तर खेळण्यासारखं हललं आणि उठलं.
बंगळूरला सव्वा तास.
आमची बस वडगावला यायला तेवढाच वेळ लागला,
वाटेत वरात आडवी आली.
मी चहा टाकला तेव्हा ती पहिल्या ठिकाणी उतरली होती,
आणि चहा उतू गेला, बाकी काही नाही.

इराण्णाला गप्प बसवत नाही.
त्यानं मागाचाही हिशोब काढला:
मिनिटाला एकशे दहा खेपा,
धोट्याची एक उडी एवढी,
हेस्कॉमनं लाईट घालवली ते वजा,
दिवसाला साठ किलोमीटर.
दोनशे नऊ दिवसांत धोटा कॅलगरीत!
सव्वीस वर्षं झाली की तुम्हाला,
अठरा वेळा जाऊन आलात, अक्का.
मी म्हटलं, आणि एकदाही खिडकीजवळची सीट नाही.
तो एकटाच हसत बसला, मागाच्या आवाजात
त्याचं नुसतं तोंड उघडलेलं दिसत होतं.

भिंतीवरचं घड्याळ मी बदललं नाही.
माझे रात्रीचे साडेनऊ, तिचे सकाळचे नऊ.
काटे जवळजवळ तेच,
मधली रात्र घड्याळ दाखवत नाही.
मार्चात तिकडं सगळे मिळून घड्याळ तासभर पुढं ढकलतात म्हणे,
कुणाला न विचारता.
तेव्हापासून अर्धा तास माझ्या मागं असलेली
अर्धा तास पुढं जाते.
जेवलीस काय, मी विचारते.
आई, आत्ता कुठं उठले.

ते सूत टाकून देववेना.
दुसऱ्या दिवशी ताण्याचा एक धागा तुटला,
तो त्यानंच जोडला.
गाठ उजव्या काठाजवळ आहे, हाताला लागते.
साडी शनिवारी गठ्ठ्यातून गेली,
हुबळीला की इचलकरंजीला,
विचारायचं राहून गेलं.